आवरायला कोण येतंय?

आईवडिलांचं घर आवरणं हे घरच्यांचंच काम, त्यात बाहेरचं माणूस आणू नये, पैसे देऊन तर नाहीच नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. कुणी बोलून दाखवत नाही, पण आहे. "अगं माणसं कशाला लावतेस, आम्ही आहोत की!" असं म्हणणारे सगळे मनापासूनच म्हणतात. मग प्रत्यक्ष माळ्यावर चढायच्या दिवशी कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या मुलाची परीक्षा असते, कुणाकडे नेमका गॅसवाला यायचा असतो. मला ही समजूत मान्य नाही. सांगलीचं घर आवरून चार महिने झाले, हा ब्लॉगही तेवढेच दिवस झोपला होता, तर उठता उठता याच विषयावर लिहावं म्हटलं. नातेवाईक मंडळी वाचतात हे ठाऊक आहे. त्यांच्यासाठीच लिहितेय असं समजा :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घर गावभागातलं. खाली चार खोल्या, वर माडी, माडीवर माळा. बाबा २०१४ मध्ये गेले. त्यानंतर आई एकटीच राहत होती. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पुण्याला माझ्याकडे आली ती आलीच. घर बंद. आता गावभागातलं बंद घर म्हणजे नुसतं कुलूप लावून विसरायचं प्रकरण नाही. पावसाळा आला की आयर्विन पुलाची पातळी बघत बसायचं. ४५ फूट म्हणजे धोक्याची खूण, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई ५७ च्याही वर गेली होती. २००५, २०१९, २०२१... तीन वेळा आमच्या स्वयंपाकघरात नदी येऊन गेली. दर वेळी जे वाचलं ते माडीवर गेलं, आणि एकदा वर गेलेलं खाली काही आलं नाही. त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला आपोआप एक पुण्य चिकटलं होतं: ही पुरातून वाचलेली. ज्या वस्तूला कृष्णेनं नेलं नाही तिला टाकणारी मी कोण!

तर घर द्यायचं ठरलं. बाबांचं मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे कायद्यानं आई आणि आम्ही तिघं भावंडं समान वारस. दादा अमेरिकेत, ताई बेळगावला, मी पुण्यात. सह्यांचं काम दादाच्या मुखत्यारपत्रावर झालं. (घर कुणाला दिलं, कितीला दिलं हे इथे लिहिणार नाही. त्यासाठी फोन आहेत आणि ते येऊन गेलेत.) दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची होती.

लोकांना वाटतं की घर आवरणं म्हणजे उचलाउचल. उचलाउचल हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. टेम्पो मिळतो, दोन तगडे पोरगे मिळतात, दुपारपर्यंत कपाटं खाली येतात. जीव जातो तो ठरवण्यात. पाण्याचा बंब, घंगाळ, रांजण, जातं, मुसळ, पितळी डब्यांची उतरंड, गणपतीचं मखर, पाळण्याच्या कड्या, हॉर्लिक्सच्या सत्तावीस बाटल्या (मोजल्या), गाठोडी, त्या गाठोड्यांत गाठोडी. एकेकाला हात लावायचा आणि ठरवायचं: ठेवायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं. सकाळी नऊला माणूस हे शहाण्यासारखं करतो. दुपारी चारला हातात शिकेकाईची एक जुनी पुरचुंडी घेऊन आपण दहा मिनिटं उभे असतो आणि डोळ्यांत पाणी असतं. शिकेकाईसाठी नसतं ते. दिवसभरात तीनशे निर्णय झालेले असतात आणि तीनशे एकावा झेपत नाही, एवढंच. म्हणून मदत हवी असते ती डोक्याला. पाठीला मजूर मिळतो.

आता नातेवाइकांच्या मदतीबद्दल. "काही लागलं तर सांग हं" या वाक्याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. यात सगळं काम समोरच्यावर टाकलेलं असतं. काय लागेल ते तिनं शोधायचं, कुणाला झेपेल ते तिनं ओळखायचं, मग फोन करून मागायचं, आणि वर मागितल्याचा संकोचही तिनंच करायचा. त्यापेक्षा आमची कोल्हापूरची वहिनी बघा. "मी मंगळवारी आणि बुधवारी येतेय, डबा घेऊन येतेय, माळ्यावर चढणार नाही, गोधड्यांचं बघीन." संपलं. तिनं दोन दिवसांत बेचाळीस गोधड्या, चादरी, रजया उलगडल्या, उन्हात टाकल्या, धड होत्या त्यांचे गठ्ठे बांधले आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली. आयुष्यभर विसरणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लांबून "टाकू नकोस गं" म्हणणारे. व्हॉट्सॅपवर फोटो टाकला रे टाकला की कुठूनतरी हुंकार येतोच. अय्या, तो बंब! त्यावर आम्ही आंघोळीचं पाणी तापवायचो! हो, तापवायचो. आता तो कुणाच्या बाल्कनीत ठेवायचा? शेवटी ताईनं ग्रुपवर लिहून टाकलं की जो "ठेवा" म्हणेल त्यानं आपल्या घरातल्या कोणत्या भिंतीशी ठेवणार ते सांगावं आणि पंधरा दिवसांत स्वतः किंवा टेम्पो पाठवून न्यावं. त्यानंतर बंबाच्या आठवणी एकदम कमी झाल्या. ज्यांना खरंच हवं होतं त्यांनी नेलं. मामेभाऊ इस्लामपूरहून येऊन जातं घेऊन गेला, खाली-वर दोन्ही तळ्या, आणि अजून त्यावर मेतकूट दळतो असं ऐकते.

दादाची बाजूही मांडते, कारण तो हे वाचणार आहे. त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मी येऊन काय करू शकेन, आणि न येता काय करू शकेन?" यायला त्याला जमलं नसतं. मग त्यानं पैसे पाठवले: माणसांचे रोज, टेम्पो, आमचं जाणं-येणं, सगळ्याचे. आमच्या एका आत्याबाईंना ते फार लागलं. "पैसे फेकले की झालं का?" माझं मत असं की हो, बऱ्यापैकी झालं. पैसा ही मदतच आहे, आणि मोकळेपणानं, हिशेब न मागता पाठवलेला पैसा ही मोठी मदत आहे. फुकट येऊन चार दिवस जुने अल्बम बघत बसणाऱ्यापेक्षा तर कितीतरी मोठी.

खरी मदत मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आली. माझी मिरजेची एक मैत्रीण आहे, बँकेतून निवृत्त झालेली. तिला मी सरळ सांगितलं की मला आठ दिवस कुणीतरी हवंय आणि ते कुणीतरी आमच्या घरातलं नको. ती रोज सकाळच्या शटल रिक्षानं यायची, स्टुलावर बसायची, मांडीवर दोनशे पानी वही. तिला आमच्या घरातली एकही गोष्ट माहीत नव्हती, आणि हीच तिची लायकी! पत्र्याच्या ट्रंकेत पत्रांचे गठ्ठे निघाले. ताई असती तर आम्ही दोघी तिथेच फतकल मारून चार तास वाचत बसलो असतो, रडलो असतो, आणि मग १९७६ च्या कुठल्याशा वाक्यावरून भांडलोही असतो. मैत्रिणीनं सुतळी घेतली, गठ्ठा बांधला आणि वर चिठ्ठी लावली: "पत्रं, १९७१ ते १९८३, न वाचलेली." पुढची ट्रंक. आपलं माणूस हे करू शकत नाही. करूही नये कदाचित.

बँकेत तीस वर्षं काढल्याचा आणखी एक फायदा झाला. तिनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं की रद्दीवाला सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, कागद दिसायला कचरा दिसतो म्हणून आधी रद्दी काढतात. आमच्या बाबांनी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात शेअर सर्टिफिकिटं ठेवली होती, आणि एलआयसीची एक पॉलिसी 'केसरी'च्या जुन्या दिवाळी अंकात. कागदी शेअर्स आता तसेच दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, नोंदणीकृत कंपन्यांच्या बाबतीत ते एप्रिल २०१९ पासून बंद झालं; पण वारसाच्या नावावर करून घेऊन डीमॅट करता येतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर्स सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात, तरी तिथूनही दावा करून परत मिळतात. बँकेतल्या ठेवीचंही तसंच. दहा वर्षं हात लागला नाही की ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, बुडत मात्र नाही. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव टाकून कुठल्या बँकेत असं काही पडलंय का ते बघता येतं, बऱ्याच बँका त्यावर आहेत. आणि एक. नॉमिनी म्हणजे मालक असं घरोघर समजतात. तसं नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सांगितलंय की नॉमिनी हा वारसांच्या वतीनं सांभाळणारा. हे भावंडांनी आधीच वाचून ठेवावं, चहा पिता पिता. नंतर वाचलं तर चहा गार होतो.

मैत्रिणीला मी पैसे दिले. ती नको म्हणाली, मी दिलेच, तिनं घेतले. यावर दोन्हीकडच्या लोकांना जे काय वाटायचं ते वाटून झालंय.

आणि हो, मावशी. आईकडे सव्वीस वर्षं धुणंभांडी केलेल्या. घरात काय कुठे आहे हे आम्हा तिघांच्या मिळून ज्ञानापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. कुठल्या डब्याचं झाकण कुठल्या डब्याला बसतं, पुरानंतर कोणती फळी बदलली, कुलपाची दुसरी किल्ली कुठे. आपल्याकडे अशा माणसाला बोलावतात आणि म्हणतात, "चार दिवस ये, तुला काय हवं ते घेऊन जा." हे मला फार खटकतं. जुना मिक्सर आणि तीन साड्या ही मजुरी नव्हे. ते आपलं ओझं कमी करणं झालं, आणि वर दान केल्याचा आव. मजुरी रोखीनं द्यावी, रोजच्या रोज, त्यांच्या बुडालेल्या घरकामांचा हिशेब धरून. भेट ही वेगळी गोष्ट, आणि ती विचारून द्यावी. आम्ही मावशींना विचारलं, काय न्यावंसं वाटतं? ताईच्या मनात आईची एखादी पैठणी होती. मावशी म्हणाल्या, "माळ्याची शिडी द्या." आम्ही बघतच राहिलो. सागवानी, बारा पायऱ्यांची, आजोबांच्या वेळची. २०१९ ला त्यांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा वर चढायला काही नव्हतं, सासऱ्यांना दोघांनी खांद्यावर घेऊन शेजारच्या स्लॅबवर चढवलं होतं. पैठणी ताईनं शेवटी स्वतःच नेली. शिडी टेम्पोत मावेना, मग दोन नातवंडं ती खांद्यावर घेऊन भर बाजारातून चालत गेली.

वस्तू कुठे कुठे गेल्या ते भराभर सांगते, कुणाला उपयोगी पडेल. चांगले कपडे 'गूंज'ला. फाटके सुती कपडे गॅरेजवाला आनंदानं नेतो. बोहारणीची मी वाट पाहिली, पण त्या आता फिरत नाहीत आमच्या गल्लीत. आईबाबांच्या एक्स-रेच्या फिल्मा रद्दीत देऊ नका, त्यात थोडी चांदी असते, भंगारवाला वेगळा भाव देतो. पुस्तकांच्या बाबतीत वाचनालयाला आधी यादी पाठवा. पोती भरून दारात नेऊन टाकणं म्हणजे आपला प्रश्न त्यांच्या गळ्यात. आईचा तंबोरा, लग्नाआधीचा, भोपळ्याला तडा गेलेला, मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कौतुक पेपरात वाचलं होतं, प्रत्यक्ष कारागिरानं मात्र भोपळ्यावर टिचकी मारून एवढंच विचारलं, "वाजवणार का टांगणार?" वाजवणार म्हटल्यावर त्यानं हातात घेतला. आता तो एका गायनक्लासात आहे.

देवांचं अवघड होतं. मोठा मुलगा परदेशात, आम्ही दोघी सासरी. टाक आणि कुलाचार कोल्हापूरच्या चुलतभावाकडे गेले, वहिनीनं गोधड्यांसारखंच एका वाक्यात मिटवलं. आईनं माहेरून आणलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आईजवळ पुण्याला आहेत.

आणि आई. मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: "मी मेल्यावर काय करायचं ते करा." पुष्कळ आया असं म्हणतात आणि पुष्कळ मुलं त्याला मान देऊन थांबतात. मला हे थांबणं पटत नाही. तिच्या डोळ्यांदेखत तिचं घर मोडणं यात क्रूरपणा आहे, नाही असं मी म्हणणार नाही. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. एकदा जेवताना म्हणाली, "माझं सामान काढताय तसं मलाही काढा." यावर उत्तर नव्हतं, अजून नाही. पण तिच्यामागे हे केलं असतं तर भांड्यांचं काय झालं असतं?

जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, माहीत असेल. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, "यांजकडून सप्रेम भेट", तारीख. माडीवर अशी एकशे चाळीसच्या आसपास भांडी निघाली. ताटं, वाट्या, तांबे, गडू, परात. नावं वाचून आम्हाला निम्मी माणसंही कळेनात. मग मैत्रिणीनं रोज संध्याकाळी आईला पुण्याला फोन लावायला सुरुवात केली. मी नाही, तिनं. आई माझ्याशी अबोला धरून होती, पण परक्या बाईशी कसा धरणार? मैत्रीण भांड्यावरचं नाव वाचायची, आई सांगायची. हे आमच्या शेजारचे, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत यांचं घर गेलं होतं, मग वर्षभर आमच्याकडे होते. ही माझी शाळेतली मैत्रीण, विसाव्या वर्षी बाळंतपणात गेली. हा गडू तुझ्या... नाही, तुमच्या मैत्रिणीच्या बारशाचा. एकेका भांड्याला दोन-तीन ओळी. वहीची साठ पानं भरली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई फोनची वाट बघायला लागली, आणि पाचव्या दिवशी मला म्हणाली, "तुझ्या त्या बँकवालीचा फोन आला नाही अजून?"

तिला हजार वस्तूंची परवानगी मागितली असती तर तिनं हजारदा नाही म्हटलं असतं, आणि तो तिचा हक्कच होता. तिला कुणी नावं विचारली हे तिला चाललं.

भांड्यांपैकी तेवीस आम्ही तिघांनी वाटून घेतली, काही ज्यांची नावं होती त्यांच्या मुलानातवंडांना पोचवली (एक गडू टपालानं नागपूरला), बाकीची मोडीत दिली. मोडीला देताना आईची एक अट होती, नावं घासून द्यायची. गेलेल्या माणसांची नावं भंगाराच्या काट्यावर नकोत. तांबटाकडे एक मुलगा दोन दिवस बसून घासत होता. त्याचेही पैसे दादानंच दिले.

आईचा अबोला गेला तरी राग पूर्ण गेलेला नाही. घराचा विषय निघाला की ती उठून आत जाते. त्या वहीची झेरॉक्स मात्र तिच्या उशाशी असते, आणि मधूनच हाक मारून सांगते, तो अमुक तांब्या, त्याच्यात एक लिहायचं राहिलं बघ.

पुढच्या महिन्यात मैत्रिणीच्या सासूबाईंचं जयसिंगपूरचं घर आवरायचंय. मी आठ दिवस जाणार आहे. त्या घरातलं मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. स्टूल तिथे आहे म्हणाली, वही मी नेणार.